बाराव्या डावातलं कडेचं प्यादं

"एक तर या टेबलावर तो पट राहील, नाहीतर माझं कापड. काय ते आजच ठरवा!"

"पट हलणार नाही."

"मग मीच हलते!"

"हल की. फक्त जाताना टेबलाला धक्का लावू नकोस. माझा उंट अगदी कडेवर आहे."

भांडण जुनं आहे. तेव्हा दोघांच्या संसाराला जेमतेम दोन वर्षं झाली होती. घरात खोल्या दोन आणि टेबल एक. शेजारणीला भिंतीला कान लावायची गरजच नव्हती; भिंत इतकी पातळ की पलीकडे कुणी कपात चमचा फिरवला तरी अलीकडे ऐकू यावा. तरी तिनं हातातलं काम थांबवून ऐकलं, हे लपवायचं कशाला? बायको घर सोडून जायच्या गोष्टी करतेय आणि नवऱ्याला काळजी उंटाची, असलं भांडण तिनं त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

नवरा कुलपांचा कारागीर. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं, एका दाराएवढं रुंद. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. हरवलेल्या किल्ल्या, गंजलेली कडी-कुलपं, रागाच्या भरात आपटून लागलेली दारं, सगळी दुखणी त्यांच्याकडे यायची. लोक त्यांना कुलूपवाले म्हणत. बायको घरी शिवणकाम करी. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणे, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. शाळा तिची चौथीतच सुटली होती. पण टेपवरचे आकडे वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याची छाती आणि बाही तिच्या डोक्यात लिहून झालेली असायची.

पट होता बुद्धिबळाचा, आणि समोर खेळणारा घरात नव्हताच. तो लांब कुठेतरी, समुद्रात घुसलेल्या खडकावर, दीपगृहाचा दिवा सांभाळायचा. 'पत्रानं बुद्धिबळ खेळायला जोडीदार हवा' अशी दोन ओळींची जाहिरात वाचून कुलूपवाल्यांनी त्याला कार्ड टाकलं होतं. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. यांनी एक खेळी कार्डावर लिहायची, त्यानं ती आपल्या पटावर मांडायची, विचार करायचा आणि आपली खेळी कार्डावर लिहून पाठवायची. कार्डाला जायला पाच दिवस, यायला पाच दिवस, आणि मधे विचाराचे दिवस वेगळे. एक डाव संपायला दोन वर्षं लागत. तेवढे दिवस पट मांडलेला. हात लावायचा नाही, पुसायचा नाही, त्याच्याजवळ शिंकायचंसुद्धा जपून.

भांडणानंतर तिसऱ्या दिवशी कुलूपवाल्यांनी तोडगा काढला. छताला दोन कप्प्या ठोकल्या, पटाखाली एक फळी घेतली, फळीला चार कोपऱ्यांत चार बारीक साखळ्या. दोरी ओढली की पट सगळ्या सैन्यासकट वर छताशी. संध्याकाळी दोरी सोडली की खाली टेबलावर. दिवसा टेबल वहिनीचं, संध्याकाळी कुलूपवाल्यांचं. बघायला गल्लीतली माणसं आली. एक म्हातारे गृहस्थ मान वर करून म्हणाले, "लोक घरात झुंबर टांगतात. तुम्ही लढाई टांगलीत."

वहिनीचा राग त्या दिवशी कुठल्या कुठे पळाला. मात्र त्या खेळाबद्दल तिचं मत काही बदललं नाही. नवऱ्यानं टाकायला लिहिलेलं पहिलंच कार्ड तिच्या हाती पडलं तेव्हा त्यावर नुसते चार आकडे होते, ५२५४.

"हे कुणाचं माप म्हणायचं? बावन्न छाती आणि चोपन्न कंबर? या बाईला कापड किती लागेल!"

"अगं, माप नाही ते. पाचव्या उभ्या ओळीतल्या दुसऱ्या घरातलं प्यादं त्याच ओळीतल्या चौथ्या घरात गेलं. पाच-दोन, पाच-चार."

"एवढंच? मग हे मलाही वाचता येईल."

"वाचता सगळ्यांनाच येतं," कुलूपवाले म्हणाले. पण पुढच्या कार्डापासून ते आकडे तिलाच वाचायला देऊ लागले.

त्यांचं दुसरं कार्डही दर डावाला तेच असायचं, ६२६४. म्हणजे राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे, थेट दिवेवाल्याच्या तोंडात.

"अहो, ते तो खाईल ना?"

"खाईल."

"मग?"

"खाऊ दे. रिकाम्या हातानं कुलूप उघडतं का? आधी किल्ली आत जाऊ द्यावी लागते. मग फिरवायची."

"आणि त्यानं किल्ली आतच ठेवून घेतली तर?"

दिवेवाला नेमकं तेच करी. एकवीस वर्षांत अकरा डाव झाले. अकराही वेळा यांनी तीच सुरुवात केली, ते प्यादं पुढे दिलं, आणि अकराही वेळा हरले. दिवेवाल्याकडे म्हणे एक वही होती. या सुरुवातीची सगळी उत्तरं त्यात बाराव्या खेळीपर्यंत लिहिलेली. त्याची कार्डं उलट टपाली यायची. म्हणजे त्याला विचार करावाच लागत नव्हता. नुसतं पान उलटायचं.

अकरावा डाव संपला तेव्हा दिवेवाल्यानं खेळीच्या आकड्यांखाली चार ओळी लिहिल्या. कुलूपवाल्यांनी त्या वाचल्या आणि कार्ड खिशात ठेवलं. वहिनीनं सदरा धुवायला घेताना ते काढलं आणि एकेक अक्षर लावून वाचलं. 'मित्रा, अकरा वेळा तेच झालं. बारावाही याच सुरुवातीनं खेळा, तुमची हौस होऊ दे. पण बारावा हरलात तर पुढे दुसरं काहीतरी आणा. नाहीतर मी दुसरा जोडीदार बघतो. वही वाचून दाखवण्यात मला आता मजा राहिली नाही.'

वहिनी सदरा तसाच बादलीत टाकून बसून राहिली. तिला खेळ कळत नव्हता, माणूस कळत होता. कुलूपवाल्यांना मित्र असे नव्हतेच. दुकानात येणारा माणूस घाईचा; दार उघडलं की तोंड फिरवून जाणारा. जगात एकच माणूस त्यांची वाट बघायचा, तोही न पाहिलेला. आणि सुरुवात बदला म्हटलं तर ते बदलणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे बारावा डाव निदान बरोबरीत तरी सुटायला हवा. नाहीतर पाच दिवसांच्या अंतरावरचा तो एकुलता एक मित्र गेलाच.

त्यानंतरची प्रत्येक संध्याकाळ म्हणजे नुसता अभ्यास. दुकान बंद करून यायचं, हात धुवायचे, पट खाली घ्यायचा, अकरा डावांची वही उघडायची. कुलूप का अडतं हे शोधायला ते जसे कान लावून बसत, तसेच या सुरुवातीला कान लावून बसले.

"सातव्या खेळीपर्यंत सगळं ठीक चालतं," ते वहिनीला सांगत. "आठव्या-नवव्याला कुठेतरी लिव्हर अडकतो. आवाज येतोय मला, जागा सापडत नाही."

"सापडेल," ती सुईत दोरा ओवत म्हणे. "कुलूप आपलं, किल्ली आपली, जाईल कुठे?"

अभ्यासानं एक मात्र झालं. अकरा डाव त्यांच्या डोक्यात इतके मुरले की एकाची खेळी दुसऱ्यात मिसळायला लागली. दिवेवाला काही डावांत आपलं अगदी कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवायचा, काही डावांत नाही. या बाराव्यात त्यानं सातव्या खेळीला ते सरकवलं होतं. कार्ड आलं तेव्हा कुलूपवाल्यांनी पटावर खेळी मांडली, वहीत लिहिली, आणि पुढे आपल्या घोड्याच्या विचारात पडले. नवशिक्याच्या हातून पुढची चूक झालीच नसती. त्यानं दर वेळी वही उघडली असती. एकवीस वर्षं खेळलेला माणूस वही कशाला उघडेल?

आणि त्याच आठवड्यात वहिनीकडे शाळेचे सदतीस गणवेश आले. सकाळी घाईघाईनं तिनं दोरी ओढली, साखळीला हिसका बसला, आणि वरून एक काळं प्यादं टपकन गणवेशांच्या ढिगात पडलं. तिनं सदतीस सदरे झटकले, सदतीस चड्ड्या झटकल्या, तेव्हा कुठे ते एका खिशातून निघालं. आता ठेवायचं कुठे?

तिनं पट खाली घेतला आणि नीट पाहिलं. पट कधी पुसला जात नसे, त्यामुळे तिच्या कापडाचा भुरा आणि त्यांच्या अंगावरून आलेला पितळेचा कीस यांचा एक पातळ थर त्यावर बसलेला होता. सोंगटी जिथे महिनोन्‌महिने उभी असेल तिथे तिच्या बुडाएवढं स्वच्छ वर्तुळ. प्यादं पडलं होतं ते कडेवरून. आणि कडेच्या ओळीत, काळ्या प्याद्यांच्या रांगेत, एक वर्तुळ रिकामं होतं. तिनं प्यादं त्यात ठेवलं. तसूभर इकडेतिकडे नाही, कसं मापात बसलं! आपल्या हुशारीवर ती खूष झाली, आणि पटाला हात लावल्याचं बोलायचं नाही असं ठरवून मशीनवर बसली.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. ते वर्तुळ जुन्या जागेचं होतं. सरकलेल्या प्याद्याला नव्या जागी वर्तुळ उमटायला अजून काही महिने लागले असते.

त्या संध्याकाळी कुलूपवाल्यांनी पट खाली घेतला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग एकदम उठून उभेच राहिले. "सापडली! अगं, सापडली जागा! घोडा इथे, पाचव्या घरात! आपण इतकी वर्षं हे पाहिलंच कसं नाही?"

त्यांनी कार्डावर ३३२५ लिहिलं, आकडे पटाशी दोनदा ताडून पाहिले, कार्ड छातीच्या खिशात घातलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. टाकल्यावर पेटीवर दोन टिचक्या मारायची त्यांची सवय होती, कार्ड मधेच अडकलं नाही ना याची खात्री करायला. घरी आल्यावर ते नेहमी एकच शब्द बोलत. "गेलं."

पेटीत पडलेलं कार्ड परत मागता येत नाही. तो त्या खेळातला पहिला नियम.

दहा दिवस गेले. पंधरा गेले. उलट टपाली उत्तर देणाऱ्या दिवेवाल्याचा पत्ता नाही. पोस्टमन गल्लीत दिसला की वहिनी दारात येऊन उभी राही, आणि तो लांबूनच मान हलवी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं. आपण हात लावला म्हणूनच काहीतरी बिनसलं, असं तिला वाटू लागलं. कुलूपवाले मात्र खुशीत. "वही संपली त्याची," ते म्हणत. "आता बसलाय डोकं धरून."

अठ्ठाविसाव्या दिवशी कार्ड आलं. कुलूपवाले दुकानातून आले तेव्हा वहिनीनं ते पुढे केलं. आकडे होते ५८६८, म्हणजे त्याचा राजा एक घर बाजूला. आणि खाली बारीक अक्षरात मजकूर. 'मित्रा, अठरा दिवस झोप नाही. तुम्ही घोडा उचलून माझ्या कडेच्या प्याद्याच्या तोंडात ठेवलात. एकवीस वर्षांत तुम्ही असं केलं नाहीत, म्हणजे यात काहीतरी आहे. मी खाल्ला नाही. राजाच हलवला. पण एवढं सांगा, का दिलात?'

कुलूपवाले पटाकडे बघत बसले. "कुठल्या प्याद्याच्या तोंडात? माझ्या घोड्याजवळ तर कुणीच नाही."

वहिनीच्या हातातली कात्री खाली आली. "अहो..." ती म्हणाली, "त्याच्या कडेचं प्यादं... ते पडलं होतं."

"कधी?"

"गणवेशांच्या वेळी. मी परत ठेवलं. वर्तुळात."

त्यांनी वही उघडली. सातवी खेळी. १७१६. प्यादं एक घर पुढे असायला हवं होतं. पटावर ते मागे, आपल्या जुन्या वर्तुळात, शहाण्यासारखं उभं होतं. कुलूपवाल्यांनी ते दोन बोटांनी उचलून पुढच्या घरात ठेवलं, आणि त्यांचा घोडा नुसता भक्ष्य होऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

शेजारणीला वाटलं, आता ते एकवीस वर्षांपूर्वीचं भांडण पुन्हा ऐकायला मिळणार. तिनं काम थांबवलं. पण पलीकडून आलं ते हसू. आधी नाकातून, मग घशातून, मग सगळ्या माणसातून. कुलूपवाले टेबलावर डोकं टेकून हसत होते.

"त्यानं खाल्ला नाही! फुकटचा घोडा, आणि अठरा दिवस विचार करून खाल्ला नाही!"

"हसताय काय? माझ्यामुळे डाव गेला तुमचा!"

"अगं, गेला असता. पट खोटा होता, पण वही खरी होती, आणि ती माझ्याच उशाशी होती. मी उघडली नाही. तुझा काय दोष?"

"मग त्याला कळवून टाका. मला बाई हे पोटात ठेवून झोप यायची नाही."

"कळवायचं. पण डाव संपल्यावर. आत्ता कळवलं तर तो पुढच्या कार्डाला घोडा खाईल. डाव संपेपर्यंत तोंडाला कुलूप."

"आणि किल्ली?"

"किल्ली तुझ्याकडे."

त्यांनी दिवेवाल्याला लिहिलं, 'का दिला ते डाव संपल्यावर सांगेन, वचन.' आणि खेळी लिहिली, २५३३. घोडा आला तसा परत.

वहिनीनं आकडे वाचून नाक मुरडलं. "हे काय? गेला आणि हात हलवत परत आला?"

"तो परत आला, पण त्याचा राजा उठला ना! राजा एकदा जागचा हलला की त्याला हत्तीच्या आड लपता येत नाही. नियम आहे. आता तो राजा जन्मभर उघड्यावर. आणि हे त्याच्या वहीत नाही. माझ्याही नाही."

तेव्हापासून दोन्हीकडची पानं कोरी. दिवेवाल्याची कार्डं उलट टपाली येईनात. कधी बारा दिवस, कधी वीस. त्यावर खाडाखोड दिसू लागली. वहिनी आता वर्तुळं न बघता वही बघून पट तपासायची, रोज सकाळी, दोरी ओढायच्या आधी. तपासता तपासता तिला कळायला लागलं की घोडा अडीच घरं का जातो आणि उंट तिरका का चालतो. एकदा ती म्हणाली, "तो हत्ती तिथे नका ठेवू, त्याचा उंट लांबून येतोय." कुलूपवाल्यांनी हत्ती गुपचूप दुसरीकडे ठेवला आणि आठ दिवस कुणाला सांगितलं नाही.

डाव सत्तेचाळीस खेळ्या चालला. शेवटी दोन राजे आणि दोघांकडे एकेक प्यादं, एकमेकांच्या वाटेत अडकलेलं. दिवेवाल्यानं लिहिलं, 'बरोबरी. मान्य?' कुलूपवाल्यांनी 'मान्य' लिहिलं, आणि मग वचन पाळलं. 'घोडा मी दिला नव्हता. माझ्या पटावर तुमचं कडेचं प्यादं मागे होतं आणि मी वही न बघता खेळलो. चूक माझी.' वहिनीनं त्यांच्या हातून पेन घेतलं आणि खाली, वेड्यावाकड्या अक्षरांत, एक ओळ टाकली. 'प्यादं मी ठेवलं होतं, मापात.'

अकराव्या दिवशी उत्तर आलं. दिवेवाल्यानं लिहिलं होतं की वाचून तो इतका हसला की जिन्यावर बसावं लागलं. खेळी तशी वाईटच होती, पण तिनं त्याची वही बंद पाडली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला डाव खेळल्यासारखा वाटला. पुढे होतं, 'तुमची सुरुवात आता कितीही वेळा आणा, माझी तक्रार नाही. पण तेरावा डाव मला त्या मापवाल्या बाईंशी खेळायचा आहे. पांढरी त्यांची.'

"मी?" वहिनी म्हणाली. "चौथी नापास बाई मी!"

"तो खडकावर बसलाय, गुणपत्रिका मागत नाही," कुलूपवाले म्हणाले.

त्यांचं वय झालं होतं. जिने चढताना धाप लागे, डॉक्टरांनी दुकानही अर्धा दिवसच करायला सांगितलं होतं. पण वहिनीचं पहिलं कार्ड, ५२५४, तेच टाकून आले. दहा-बारा दिवसांनी समोरून ५७५५ आलं. आणि मग दुसऱ्या खेळीचा दिवस उजाडला.

तो डाव अजून चालू आहे. चौदावी खेळी झाली. वहिनी एका प्याद्यानं मागे आहे, पण तिचं काही अडलेलं नाही. पट तीच खाली घेते, तीच वर नेते, आणि पोस्टमन आता तिला लांबूनच कार्ड हलवून दाखवतो. कुलूपवाले नाहीत. त्या दुसऱ्या कार्डानंतर चौथ्या दिवशी दुपारी झोपले ते उठले नाहीत. गेले ते मात्र अभ्यासाची वही उशाशी घेऊन, आणि यावेळी उघडी.

दुसऱ्या खेळीच्या त्या दिवशी, सोमवारी, संध्याकाळी वहिनी पटापुढे बसली होती. कुलूपवाले अजून होते, शेजारीच बसलेले. शेजारणीला सगळं ऐकू येत होतं, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. मग वहिनीनं पेन उचललं.

"लिहिलं?"

"लिहिलं. मोठ्यानं वाचू नका."

त्यांनी वाचलं. सहा-दोन, सहा-चार. थेट दिवेवाल्याच्या तोंडात.

"खाईल हं तो," कुलूपवाले म्हणाले.

"खाऊ दे की."

त्यांनी आकडे पटाशी दोनदा ताडून पाहिले. मग वही काढून एकदा वहीशी. कार्ड छातीच्या खिशात घातलं, चपला सरकवल्या आणि जिन्याचा कठडा धरून सावकाश खाली उतरले. कोपऱ्यापर्यंत गेले, कार्ड पेटीत टाकलं, पेटीवर दोन टिचक्या मारल्या. परत येताना वाटेत एकदा थांबले, दम घेतला, समोरच्या घराच्या दारावरचं कुलूप सवयीनं ओढून पाहिलं, आणि जिना चढून वर आले.

"गेलं," ते म्हणाले.